ताट उलटं करा

वर्डेल गॅस्किन काही विसरत नाही, हे मिसिसिपी राज्यातल्या मॅकीव्हर गावात सगळ्यांना माहीत आहे. काउंटीच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पोरांचं जेवण रांधलं. कुठल्या पोराने कुठल्या साली भेंडी न खाता टाकून दिली, हे ती आजही नावानिशी सांगते. त्यातला एक आता कमरेला पिस्तूल लावून शेरीफच्या गाडीतून फिरतो. वेगाने गेली म्हणून त्याने एकदा तिची गाडी अडवली, तर काच खाली करून ही म्हणाली, "काय रे, भेंडी खातोस का आता तरी?" पठ्ठ्या पावतीपुस्तक खिशात घालून मुकाट्याने मागे फिरला.

अशा बाईच्या आईला ज्याने मतदानाच्या दारातून रिकामं परत पाठवलं, त्याने पुढे सुखाने झोपायची आशा धरायची नसते. रॉइस स्टेगलने धरली. चूक त्याची.

तो नोव्हेंबर महिना होता. माउंट निबो चर्चच्या हॉलमध्ये मतदान चाललं होतं. वर्डेलची आई ओझेला तेव्हा चौऱ्याऐंशीची. गुडघे गेलेले, डोळे शाबूत, जीभ त्याहून शाबूत. डोक्यावर जांभळी हॅट. ती हॅट वर्षात दोनदाच पेटीतून निघायची, ईस्टरला आणि मतदानाला. टेबलाशी रॉइस स्टेगल उभा होता. अठ्ठावन्न वर्षांचा गोरा, गुलाबी मानेचा. काउंटीचा निवडणूक आयुक्त. नाव भारदस्त, काम यादीचं. कुणाचं नाव ठेवायचं, कुणाचं काढायचं, ते त्याच्या हातात.

"ओझेला, तुझं नाव नाही गं यादीत."

आईच्या वयाच्या काळ्या बाईला 'गं'. हे मिसिसिपीत नवं नाही. पण जुनं झालं म्हणून काटा बोथट होत नाही.

"नीट बघ, पोरा."

"बघितलं. तुझा पत्ता जुळत नाही. आम्ही कार्ड पाठवलं होतं, ते परत आलं. तू उत्तरच दिलं नाहीस."

पत्ता कसा जुळणार! घर पन्नास वर्षं जागच्या जागी होतं, काउंटीने रस्त्याचं नाव बदललं होतं. ॲम्ब्युलन्सला घरं सापडावीत म्हणून रस्त्यांना नवी नावं, घरांना नवे आकडे दिले. टपालवाल्याने जुन्या पत्त्याची पत्रं वर्षभर आणून दिली, मग बंद केली. यादीत मात्र जुनाच पत्ता. कार्ड गेलं, परत आलं, आणि एका रेघेसरशी ओझेला गॅस्किन काउंटीतून नाहीशी झाली.

"मी कुठे राहते तुला माहीत नाही का रे, रॉइस?" ओझेला म्हणाली. आवाज चढवला नाही. "जूनमध्ये माझ्या पडवीत बसून टोमॅटो नेलेस. दोन पिशव्या. वर चहा प्यायलास."

रॉइस हसला. त्याचं ते हसू वर्डेलने तिथल्या तिथे डोक्यात टिपून ठेवलं, वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यासकट.

"टोमॅटो वेगळे, कायदा वेगळा. हे प्रतिज्ञापत्र भर आणि मत टाक. मोजतील बहुतेक."

मोजलं नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं, पत्ता जुळत नसल्याने मत बाद. गंमत बघा, हे पत्र मात्र बरोबर नव्या पत्त्यावर आलं. ओझेलाने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून बायबलात ठेवलं. तिथे आधीच एक घडी होती, बासष्ट सालची. तेव्हा रॉइसचा बाप ऑल्टन स्टेगल काउंटीचा कारकून होता आणि मतदार म्हणून नाव घालायला आलेल्या काळ्या माणसाची परीक्षा घ्यायचा. राज्याच्या घटनेतलं एक कलम वाचायचं आणि त्याचा अर्थ लिहून द्यायचा. अठ्ठावीस वर्षांच्या ओझेलाने कलम अडखळल्याशिवाय वाचलं, अर्थ सुवाच्य अक्षरात पानभर लिहिला. ऑल्टनने पानाकडे न बघताच सांगितलं, "नापास." गोऱ्यांच्या पोरांना तो एका ओळीचं कलम द्यायचा, आणि तेही वाचता आलं नाही तर स्वतः वाचून दाखवायचा.

त्या दिवशी पत्र ठेवून ओझेला एवढंच बोलली, "बाप निदान वाचायला तरी लावायचा."

फेब्रुवारीत ती गेली. रॉइस स्टेगलने पांढऱ्या फुलांची परडी पाठवली. वर्डेलने ती शेजारच्या शेळ्यांपुढे टाकली. शेळ्यांनी खाल्ली, कार्डासकट.

आता राग धरणं सोपं असतं. पण तो कुठे नेऊन ओतायचा हे कळावं लागतं, नाहीतर आपलंच भांडं जळतं. अर्ली मेच्या केशकर्तनालयात दर शनिवारी याच्यावर रण माजायचं. अर्ली मे ही वर्डेलची लहानपणापासूनची मैत्रीण. हातात गरम कंगवा, तोंडात त्याहून गरम शब्द. वर्डेलचा भाऊ ल्यूशस तिथली केस वाळवायची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणून बायकांच्या सभेत त्यालाही जागा होती.

"यात काही गौडबंगाल नाही," ल्यूशस म्हणायचा. "ते गोरे, आपण काळे. विषय संपला."

"आणि आपल्या भागात शंभरातले पंचावन्न आपण आहोत, तो विषय कधी सुरू होणार?" अर्ली मे.

"मला गणित नको शिकवूस."

"मग सांग, मत शेवटचं कधी दिलंस?"

"देतो ना. राष्ट्राध्यक्षाला देतो. खाली ती पन्नास नावं असतात, ती कोण लेकाची! मेलेल्यांची नावंसुद्धा त्याहून ओळखीची वाटतात."

बायका खो खो हसल्या. यंत्राच्या टोपाखालून वर्डेल म्हणाली, "पण रॉइसला मतं देऊन काय होणार? त्याला लोक निवडतच नाहीत. गव्हर्नर नेमतो."

"हो, गव्हर्नरच नेमतो," अर्ली मे म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे अकरा बायका आणि एक ल्यूशस होता. सगळे मिळून सातशे-आठशे वर्षं त्या काउंटीत राहिलेले. एकालाही खरं काय ते माहीत नव्हतं. हे मी झाकून ठेवत नाही. आपल्या माणसांचं अज्ञान झाकणारा त्यांचा मित्र नसतो. आणि त्या अज्ञानावर उभं राहून उंच दिसणारा तर मुळीच नसतो. तशी एक बाई आता येते.

कॉन्स्टन्स थेअर. उत्तरेकडच्या मोठ्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पांढरेशुभ्र कापलेले केस, गळ्यात लाकडी मणी. तळ्याकाठच्या हेरन पॉइंट वस्तीत घर घेऊन राहिली होती. मनाने वाईट नव्हती. आपल्याच पक्षाची होती, हेच तर दुखणं. शत्रूने हिणवलं तर माणूस उसळतो, मित्राने हिणवलं तर आधी आभार मानावे लागतात.

तिने गावच्या ग्रंथालयात सभा ठेवली. 'जाणता मतदार' असं काहीतरी नाव. माउंट निबोची पंधरा-वीस माणसं गेली, हेरन पॉइंटचीही तेवढीच आली. बाईंनी पिवळ्या कागदावर दहा प्रश्न छापून आणले होते. सिनेटर किती, न्यायाधीश किती वर्षांसाठी, असले. कागद वाटले गेले तेव्हा वर्डेलने एक गोष्ट हेरली. हेरन पॉइंटच्या एकाच्याही हातात कागद नव्हता. ते भिंतीशी उभं राहून बिस्किटं वाटत होते.

वर्डेलला दहापैकी तीन मिळाले. बाईंनी सगळ्यांची मिळून सरासरी काढली आणि फळ्यावर लिहिली. साडेतीन.

"मित्रांनो, मी कुणाला दोष देत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात मध. "पण आपण हरतो ते इथे. समोरचे लोक द्वेषावर मतं मागतात, आणि आपले लोक माहिती नसल्यामुळे घरी बसतात. तिकडे ट्रेलरच्या पत्र्याच्या घरांत राहणारे गरीब गोरे, इकडे तुम्ही. अज्ञान हाच खरा रोग आहे."

वर्डेल उभी राहिली. खुर्ची फरशीवर करकरली.

"मॅडम, माझ्या आईचीही अशीच परीक्षा घेतली होती. बासष्ट साली. तिला तुमच्यापेक्षा चांगलं वाचता येत होतं."

बाईंचा चेहरा लाल झाला. "नाही नाही, मिस गॅस्किन! हे तसं नाही. मी तुमच्या बाजूची आहे."

"बाजू तुमची असेल. कागद तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांचाच आहे." वर्डेलने भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि बिस्किटवाल्यांना का नाही दिलात? त्यांची पण सरासरी बघू की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी विषय बदलायला घाईघाईने उत्तरं वाचायला घेतली. पहिलं, दुसरं, तिसरं. वर्डेल पिशवी उचलून दाराकडे निघाली होती.

"सातवं. काउंटीच्या निवडणूक आयुक्तांना कोण नेमतं? बहुतेकांनी लिहिलंय गव्हर्नर. चूक. त्यांना कुणीच नेमत नाही. लोक निवडतात. ज्या त्या भागाचे मतदार, चार वर्षांनी एकदा. मतपत्रिकेच्या अगदी शेवटी असतं."

वर्डेल दारातच थांबली.

वीस वर्षं ती मत देत होती. वीस वर्षं वरच्या चार खुणा करून कागद यंत्रात सारत होती. त्याच कागदाच्या शेवटी रॉइस स्टेगलचं नाव बसलेलं होतं, दर वेळी बिनविरोध, आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आईला घालवून देणाऱ्याला त्या खुर्चीत तिनेच रिकाम्या सोडलेल्या जागेने बसवलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी स्वतःवर, मग त्याच्यावर, मग त्या लाकडी मण्यांवर. पण पाय परत वळले. तिने टेबलावरचा आपला पिवळा कागद उचलला, घरी नेऊन फ्रिजवर लावला आणि सातव्या प्रश्नाभोवती लाल गोल काढला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती शाळेतून निवृत्त झाली. निरोप समारंभात केक कापला आणि तिथेच जाहीर केलं, "मी रॉइसच्या जागेला उभी राहतेय." लोकांना वाटलं, केकमध्ये काहीतरी होतं.

अर्जाला भागातल्या पन्नास मतदारांच्या सह्या लागतात. वर्डेलने चर्चच्या तळलेल्या माशांच्या जेवणात एका दुपारी एकशे चाळीस घेतल्या.

"पन्नासच लागतात ना गं?" अर्ली मे म्हणाली.

"यादी कुणाच्या हातात आहे? पन्नास दिल्या तर तो बावीस कापेल. एकशे चाळीस दिल्या तर कापता कापता हात दुखेल."

एकसष्ट कापल्या गेल्या. सही फिकी, पत्ता अपुरा, नाव जुळत नाही. उरल्या एकोणऐंशी. वर्डेलने काउंटर बंद होता होता जाऊन पोच घेतली आणि रॉइसला म्हणाली, "अजून काप. घरी आणखी आहेत."

तो हसला. तेच हसू. "वर्डेल, ही जागा कुणाला ठाऊकसुद्धा नाही. कोण मत देणार तुला?"

"ज्यांना मी जेवू घातलं ते."

त्याला तो विनोद वाटला.

खरा घोळ मतपत्रिकेतच होता. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. कागदाची एक बाजू मोठ्या नावांनी भरलेली. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेस, न्यायाधीश. आयुक्ताची जागा मागच्या बाजूला, तीही तळाशी. कागद उलटायचाच राहतो. भले भले विसरतात. वरची लढाई लढून माणसाची छाती इतकी फुगते की मागे काही असेल हे सुचतच नाही.

वर्डेलने पत्रकं छापली नाहीत. ती एका रविवारी शाळेतलं जेवणाचं कप्पेवालं ताट घेऊन चर्चमध्ये गेली. प्रार्थना संपल्यावर पुढे उभी राहिली आणि ताट उंच धरलं. समोरून लखलखीत.

"हे ताट धुतलंय का?"

"हो!"

"नक्की?"

"हो, मिस वर्डेल!"

तिने ताट उलटं केलं. मागे परवाची वाळलेली ग्रेव्ही, त्यात एक वाटाणा चिकटलेला. बाकांवर ईऽ झालं.

"वीस वर्षं तुम्ही असंच मत देताय. मीही दिलंय. ताटं एकावर एक रचली की याची घाण त्याच्या जेवणाला लागते. माझ्या स्वयंपाकघरात पोरगी कामाला लागली की पहिलं काय शिकवते मी? ताट उलटं करा! पुढची बाजू खाणारा बघतो. मागची बाजू मी बघते."

त्यानंतर तीन महिने ती ते ताट घेऊन हिंडली. केशकर्तनालयात, लाँड्रीत, बेसबॉलच्या मैदानात. आणि जिथे हेरन पॉइंटची माणसं कधी गाडीतून उतरली नव्हती, त्या ट्रेलरच्या वस्तीतही. तिथे कागदाच्या गिरणीत काम करणारा डेल पोगू राहायचा. गोरा, दाढीवाला, दारावर समोरच्या पक्षाचा झेंडा. लहानपणी घरून डबा नसायचा, तेव्हा वर्डेल त्याला दुसऱ्यांदा वाढायची.

"मिस वर्डेल, तुमच्यासाठी जीव देईन," तो डोकं खाजवत म्हणाला. "पण मी तुमच्या पक्षाचा नाही हो."

"या जागेला पक्षच नसतो. आणि तू ताट घेऊन रांगेत उभा राहायचास तेव्हा मी विचारला होता का पक्ष?"

"नाही."

"मग? पुढच्या बाजूला तुला जी माती खायची ती खा. मागची बाजू माझी."

डेल हसत सुटला. "बायकोला पण सांगतो. तिची तर आईच कापली होती त्यांनी यादीतून."

"बघ. आणि तुला वाटत होतं हे फक्त आमच्याच वाट्याला येतं."

अशी ती बाई. गोऱ्याला त्याचा गोरेपणा माफ करत नव्हती, पण त्याच्या भुकेचा हिशेब वेगळा ठेवत होती.

नोव्हेंबर आला. वर्डेल जांभळी हॅट घालून मतदानाला गेली, आईच्याच हॅटपिनने खोचून. मत देताना तिने कागद उलटला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "ताट!" आणि सगळी रांग खुसखुसली.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. वर्डेल चव्वेचाळीस मतांनी जिंकली. आणि ही गोष्ट खरी चवीने सांगायची ती पुढे आहे. केंद्राकेंद्राचे आकडे आले. माउंट निबोच्या केंद्रात मागची बाजू रिकामी सोडणारे सात. ट्रेलरवाल्यांच्या केंद्रात एकोणीस. आणि हेरन पॉइंटच्या केंद्रात तीनशे अठरा मतदारांपैकी दोनशे एकतीस जणांनी कागद उलटलाच नव्हता! त्यात कॉन्स्टन्सबाईंचे मित्र होते, तसे रॉइससोबत गोल्फ खेळणारेही होते. वकील, डॉक्टर, बँकवाले. रॉइसचं तारू बुडवलं ते त्याच्याच मित्रांनी. भरल्या पोटी, शिकल्या डोक्याने.

त्या संध्याकाळी कॉन्स्टन्सबाई वाइनची बाटली घेऊन वर्डेलच्या दारात आल्या. "आपण जिंकलो!" म्हणत हात पसरले.

वर्डेल दारातच उभी. "मॅडम, कागद उलटा केलात का?"

"कुठला कागद?"

"मतदानाचा."

बाईंचे हात हळूहळू खाली आले. "मागे... मागेही होतं?"

वर्डेल आत गेली, फ्रिजवरून पिवळा कागद काढला आणि बाईंच्या हातात ठेवला. "सातवा प्रश्न. तुमचा चुकला." बाईंचे डोळे भरले. वर्डेलला दया यायला हवी होती, असं पुढे पाद्रीबुवा म्हणाले. तिला आली नाही. बाटली मात्र तिने ठेवून घेतली आणि माशांवर लिंबाऐवजी शिंपडली.

पण खरा हिशेब अजून बाकी होता.

जानेवारीत वर्डेल खुर्चीत बसली. रॉइसने वसंतात गावातलं घर विकलं आणि नदीपलीकडच्या काउंटीत नदीकाठी बांधलेल्या नव्या घरात राहायला गेला. नाव मात्र आपल्याच यादीत ठेवलं. पत्ता दिला मेहुण्याच्या पशुखाद्याच्या दुकानाचा. ल्यूशस बातमी घेऊन आला.

"गोल्फच्या मैदानात सांगत फिरतोय, पुढच्या वेळी पुन्हा उभा राहणार म्हणे. म्हणे, एवढी एक वेळ ताटवालीला खेळू द्या. यादीत नाव आहे तोवर उभा राहू शकतो तो."

आयुक्ताला शंका आली की कार्ड पाठवायचं, हा नियम. जे ओझेलाला पाठवलं होतं तेच. वर्डेलने कार्डावर रॉइसचं नाव लिहिलं आणि पत्त्याच्या जागी लेखणी थांबली.

"विकलेल्या घराचा पत्ता टाक," अर्ली मे म्हणाली. "परत येईल. उत्तर नाही म्हणून जसं तुझ्या आईला काढलं तसं काढ. त्याला मतदानाच्या दिवशीच कळू दे. 'मोजतील बहुतेक' म्हण त्याला. त्याच हसण्याने म्हण."

तीन दिवस ते कार्ड वर्डेलच्या पर्समध्ये होतं. तिला मोह झाला नाही असं कोण म्हणेल? तिने आरशासमोर ते हसूसुद्धा करून पाहिलं, डाव्या कोपऱ्याने. जमत होतं. पण मग आईचं वाक्य आठवलं. बाप निदान वाचायला तरी लावायचा. टपालाआडून मारणं ही रॉइसची रीत. तिला समोरासमोर हवं होतं. तिला त्याचं तोंड बघायचं होतं.

शनिवारी सकाळी तिने जांभळी हॅट घातली आणि नदीवरचा पूल ओलांडला.

रॉइस पडवीत बसला होता. कठड्यावर पिकायला ठेवलेले टोमॅटो ओळीने मांडलेले.

"वर्डेल? तू इथे कशी?"

"मिस गॅस्किन म्हणायचं. बस."

तो आधीच बसलेला होता, तरी उठून पुन्हा बसला. तिने कार्ड त्याच्या मांडीवर ठेवलं.

"वाच."

"मला माहीत आहे काय लिहिलंय. मीच छापून घेतलंय ते."

"मोठ्याने."

"हा काय पोरखेळ लावलायस?"

"वाचणार नसशील तर मंगळवारी आम्हा आयुक्तांची खुली बैठक आहे. तिथे शपथेवर सांग की तू दुकानात ढेपेच्या पोत्यांवर झोपतोस. खोट्या शपथेला काय शिक्षा असते, ते तूच आम्हाला शिकवायचास. मी साक्षीला तुझा मेहुणा बोलावलाय. त्याची बायको चर्चची आहे, ती खोटं बोलू देणार नाही."

नदीवरून एक बोट गेली. मग रॉइसने चष्मा लावला आणि तो वाचायला लागला. आवाज घोगरा. "मतदार नोंदलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचं आढळल्यास..." दोन ठिकाणी अडखळला.

"आता अर्थ सांग."

"वर्डेल..."

"अर्थ."

"म्हणजे... जो तिथे राहत नाही त्याचं नाव निघतं."

"अर्धा आला. आणि जो तिथेच राहतो, पन्नास वर्षं राहतो, ज्याच्या पडवीत बसून तू टोमॅटो नेतोस, त्याचं?"

त्याने मान वर केली. हॅट ओळखली असावी. तोंडावर हसू नव्हतं, ना उजवीकडे, ना डावीकडे.

"त्याचं काढायचं नसतं," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"त्याचं नाव काढायचं नसतं."

"मिस ओझेला गॅस्किन यांचं."

"मिस ओझेला गॅस्किन यांचं नाव," तो म्हणाला, "काढायला नको होतं."

वर्डेलने पर्समधून आईचं पेन काढून दिलं. माझं नाव यादीतून काढावं, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आणि सही केली. तिने कागद उचलला, डोळ्यांसमोर धरून पानभर बघितला. ऑल्टन स्टेगलने बघितलं नव्हतं तेवढं सावकाश.

"झालं?" रॉइसने विचारलं.

"वाचन कच्चं आहे," ती म्हणाली. "नापास."

निघताना तिने कठड्यावरचे चार टोमॅटो उचलले. त्यातले दोन सगळ्यात मोठे. विचारलं नाही. तो बघत बसला.

घरी येऊन तिने तो कागद बायबलात ठेवला, आईच्या दोन घड्यांवर तिसरी घडी घालून. मंगळवारी बैठकीत तो बाहेर काढायचा होता. मग पावाच्या दोन स्लाइसना मेयॉनेज लावलं, टोमॅटोच्या जाड चकत्या ठेवल्या, मीठ-मिरपूड भुरभुरली आणि पहिला घास घेतला.

टोमॅटो पाणचट निघाला. आईच्या टोमॅटोची सर नव्हती. तरी तिने चारही संपवले.